संगणकावरील आपले अक्षर
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आरंभीच एका चुकीची कबुली देतो. 1999 साली मी करवीर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो. मुलांनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरवून आणल्या. आम्ही त्या संगणकावर टंकलिखित करून घेतल्या आणि आता त्यांची कायमची जपणूक झाली, या समजुतीने वह्या रद्दीत घातल्या. काही वर्षांनी ती फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली, तेव्हा ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची गर्दी दिसली. कोणता फाँट वापरला होता, याची नोंदही आम्ही ठेवली नव्हती. त्या आज्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत.

हे असे का झाले? संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्या काळी फाँट तयार करणारा प्रत्येक जण इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार आपल्या सोयीने बसवीत असे. हजेरीपटावरील सातवा क्रमांक प्रत्येक वर्गात निराळ्या मुलाचा असतो, तसाच हा प्रकार होय. फाँट बदलला की हजेरीपटच बदलला!

या गोंधळावर उपाय शोधणारी माणसे आपल्याच देशात होती. वैयक्तिक संगणकात बसवून त्यावर भारतीय लिप्या उमटविणारे ‘जिस्ट’ कार्ड कानपूरच्या आय. आय. टी.त जन्मास आले. त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ते काम पुढे नेले. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण निश्चित झाले. युनिकोड या जागतिक पद्धतीतील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच पूर्वरूपावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक 2325 आहे. तो कोल्हापुरात आणि लंडनमध्ये एकच.

परंतु क्रमांक ठरला तरी डोळ्यांना आकार हवा. तो घडविणाऱ्यांत प्राध्यापक र. कृ. जोशी (1936–2008) यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. ते सुलेखनकार होते, कवी होते. जाहिरात क्षेत्रात काम केल्यावर 1983 पासून त्यांनी मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापन केले. विंडोज 2000 बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. शाळेची माहिती भरताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो वापरला असेल. त्यामागील हात मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. बोरूच्या वळणाचा अभ्यास केलेला मनुष्य यंत्राच्या अक्षरालाही वळण लावू शकतो, हे त्यांच्या जीवनाचे सार आहे. तेव्हा सुलेखनाचा तास कालबाह्य झाला, असे कोणी मानू नये.

आपल्या वर्गाला यातून एक पाठही मिळतो. ‘क्ष’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाही, क, हलन्ताचे चिन्ह आणि ष असे तीन क्रमांक ओळीने येतात व फाँट त्यांचे जोडाक्षर करतो. ‘कि’ लिहिताना आपला हात वेलांटी आधी काढतो, संगणक मात्र आधी ‘क’ मागतो व मग वेलांटी घेतो. म्हणजे तो उच्चाराचा क्रम पाळतो. जोडाक्षर फोडून दाखविण्यास याहून सुलभ साधन कोणते?

शेवटी तीन विनंत्या. शाळेचे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटमधील फाईली असतील तर फाँटचे नाव आठवते आहे तोवरच त्यांचे रूपांतर करून घ्यावे. आणि मुलांच्या हस्ताक्षरातील मूळ वही कधीही रद्दीत घालू नये. गावात ओव्या जाणणारी एखादी आजी अजून असेल. या महिन्यातच मुलांना तिच्याकडे पाठवा. माझ्या हातून जे गेले, ते आपल्या हातून जाऊ नये.