काटा कोणाच्या हाती?

(केनवड, जि. वाशीम येथे ग्रामस्थ व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या धाकट्या भावाने मला दिला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. तो येथे सहा एकर शेती करतो. गेल्या दिवाळीत ओसरीवर बसलो असता हातातील मोबाईल खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, ते चॅनेल आता पह्यल्यासारखं राह्यलं नाही." त्या वाक्यात चीड होती, पण चिडीपेक्षा दुःख अधिक होते. एखाद्या जुन्या स्नेह्याविषयी बोलावे तसे तो बोलत होता.

ते चॅनेल यूट्यूबवरचे होते. कृषी पदवी घेतलेला एक तरुण ते चालवीत असे. आरंभीच्या काळात तो स्वतःच्या वावरात उभा राहून सोयाबीनचे पान हातात धरी आणि रोग कसा ओळखावा ते सांगे. एखादी गोष्ट माहीत नसल्यास "मी विद्यापीठात विचारून सांगतो" असे तो म्हणे व पुढच्या आठवड्यात खरोखरच सांगे. सेवानिवृत्तीनंतर मीही त्याचा नियमित प्रेक्षक झालो होतो. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला, तेव्हा याच तरुणाने एका टॉनिकची बाटली हातात धरून दोन फवारण्यांत पीक हिरवेगार होईल, असे सांगितले. भावाने दोन फवारण्या केल्या. पीक पिवळेच राहिले. हा रोग विषाणूचा आहे. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाडे लवकर उपटून टाकणे आणि माशीचा बंदोबस्त करणे हाच त्यावरील मार्ग आहे. रोग जडलेले झाड कोणत्याही टॉनिकाने बरे होत नाही, हे त्या पदवीधर तरुणाला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. बाटलीसाठी त्याला पैसे मिळाले होते, ही गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. मी त्याचे नाव घेत नाही, कारण एका नावाची निंदा करून हा प्रश्न सुटणारा नाही.

तक्रार एकट्या शेतकऱ्याची नाही

हीच तक्रार मी निरनिराळ्या तोंडून ऐकली आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी म्हणतात, पूर्वी सर एक प्रकरण नीट शिकवीत, आता निम्मा वेळ स्वतःच्या शिकवणीची जाहिरात करतात. घरातील स्त्रिया म्हणतात, भाजीची कृती पाच मिनिटांची, पण फोडणी पडेपर्यंत दहा मिनिटे जातात. विनोदी चित्रफिती आवडीने पाहणारे तरुण म्हणतात, सगळे एकसारखेच झाले आहे.

या तक्रारीचे मोल समजून घ्यायचे, तर आपल्या हाती काय आले होते ते आधी आठवले पाहिजे. २००९ साली परदेशात राहणाऱ्या मधुरा बाचल यांनी स्वयंपाकाच्या चित्रफिती सुरू केल्या. २०१६ साली 'भारतीय डिजिटल पार्टी' हे मराठी विनोदाचे चॅनेल उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा आली आणि मोबाईलवरील इंटरनेट खेड्यापाड्यांत स्वस्त झाले. बारामती तालुक्यातील कांबळेश्वरसारख्या गावातून 'चांडाळ चौकडीच्या करामती' निघाली आणि गावच्याच बोलीत, गावच्याच पारावर घडणाऱ्या गोष्टी महाराष्ट्रभर पाहिल्या गेल्या. मुंबई-पुण्याच्या निर्मात्याची वा संपादकाची परवानगी न घेता खेड्यातील माणूस लाखो माणसांशी बोलू शकतो, ही घटना मराठीच्या इतिहासात नवी होती. माझ्या दृष्टीने ती लोकशाहीची कमाई होती. ती हातची जात असेल, तर ती का जात आहे याचा विचार केवळ करमणुकीचा प्रश्न म्हणून करून चालणार नाही.

या तक्रारीत थोडा अंश आपल्या मनाचाही आहे, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या भेटीचे अप्रूप चारशेव्या भेटीत राहत नाही. शिवाय, कोणत्याही माणसाजवळ सांगण्यासारखे जे असते, त्याचा साठा आयुष्यभराचा असतो. पहिल्या पन्नास चित्रफितींत तो रिता होतो, आणि नंतर दर आठवड्याला नवे आणायचे कोठून, हा प्रश्न उभा राहतो. परंतु एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. सर्वांचा साठा एकाच वेळी आणि एकाच रीतीने कसा संपला? येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने व्यक्तीकडून बाजाराकडे वळले पाहिजे.

बदलत गेलेले माप

यूट्यूबची स्थापना २००५ साली अमेरिकेत झाली. २००६ साली गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घेतली. २००७ साली चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात भागीदार करून घेण्याची योजना आली. नेहमीच्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के निर्मात्याला आणि उरलेले कंपनीला, असा हिशेब रूढ झाला. वाटा ऐकायला बरा वाटतो. पण कोणती चित्रफीत कोणापुढे ठेवायची हे कंपनी ठरवते, मोजमाप कंपनी करते आणि नियमही तीच बदलते.

हे नियम कसे बदलले ते पाहा. २०१२ साली कंपनीने किती जणांनी पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले. २०१८ च्या आरंभी असा नियम आला की, एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण असल्याशिवाय जाहिरातीचा वाटा मिळणार नाही. २०२० च्या जुलैपासून दहा मिनिटांऐवजी आठ मिनिटांच्या चित्रफितीतही मधोमध जाहिराती घालता येऊ लागल्या. त्याच वर्षी जूनअखेर भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या 'शॉर्ट्स' या आखूड चित्रफिती प्रथम भारतातच आणल्या. २०२३ च्या फेब्रुवारीपासून त्यांच्यावरील जाहिरातींचाही हिस्सा देणे सुरू झाले. मात्र तेथे निर्मात्यांच्या नावे वर्ग झालेल्या रकमेतील ४५ टक्केच त्यांच्या हाती पडतात.

आता आपल्या तक्रारी या नियमांशेजारी ठेवून पाहा. पाच मिनिटांची भाजी दहा मिनिटांवर का गेली, याचे उत्तर वेळेच्या मापात आणि मधल्या जाहिरातीत सापडते. ज्याला सविस्तर शिकवण्याची हौस होती तो अर्ध्या मिनिटाचे तुकडे का टाकू लागला, याचे उत्तर शॉर्ट्समध्ये आहे. बाटली कोठून आली, तेही कळते. जाहिरातदार अमेरिकन प्रेक्षकासाठी जो दर देतो, त्याच्या काही अंशानेच मराठी प्रेक्षकासाठी देतो. लाखभर शेतकऱ्यांनी पाहिलेल्या चित्रफितीतून कॅमेऱ्याचा हप्ताही निघत नसेल, तर टॉनिकवाल्याचे पाकीट त्या तरुणाला नाकारवत नाही. त्याचे वर्तन समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. पण उक्त्या कामावरील मजूर मालकाने ठरवलेल्या मापाप्रमाणेच काम करतो, हे आपण गिरणीपासून विडी कारखान्यापर्यंत पाहिलेले आहे. येथे तर मालक आपण मालक असल्याचेही मान्य करीत नाही आणि मजुराला 'भागीदार' म्हणतो.

सगळे एकसारखे का होते, याचेही शास्त्र जुने आहे. १९५२ साली पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने रेडिओ केंद्रांच्या स्पर्धेचा अभ्यास मांडला. केवळ श्रोत्यांच्या संख्येवर मिळकत ठरत असेल, तर स्पर्धा करणारी केंद्रे निरनिराळे कार्यक्रम देण्याऐवजी एकाच लोकप्रिय कार्यक्रमाच्या नकला करतात आणि थोड्यांची गरज भागवणारे कोणी उरत नाही, असे त्याने दाखवले. स्पर्धा वाढली की विविधता वाढते, ही समजूत जाहिरातीच्या बाजारात खरी ठरत नाही. वऱ्हाडातील सोयाबीनचा रोग ही जगाच्या दृष्टीने थोड्यांचीच गरज आहे.

कारंज्याचा धडा

येथे मला आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट सांगावयाची आहे. शेतमालाच्या बाजाराचा इतिहास सांगणारी पुस्तके भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंजा या गावाचे नाव देतात. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने तेथे कापसाच्या व्यवहारावर नियम आले. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. तो करणाऱ्या इंग्रज सरकारच्या मनात शेतकऱ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळावा हा हेतू अधिक होता, हे खरे. तरीही त्यातून एक तत्त्व प्रस्थापित झाले. ते असे की, बाजार ज्याच्या जागेत भरतो त्याला वाटेल तो काटा वापरण्याची मुभा नाही.

रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत आपल्या आजोबांनी पाहिली होती. मालाचा भाव काय ठरला हे मालाच्या धन्याला कळत नसे. त्याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या झगडून उघडा लिलाव, तपासलेली वजने आणि लेखी पट्टी मिळाली. बाजार समित्यांत आज अनेक दोष आहेत, त्यांवर मी याच जिल्ह्यात कठोर बोललो आहे. पण काटा तपासण्याचा हक्क आपल्याला आहे, याविषयी आता कोणी वाद घालत नाही. चित्रफितींच्या बाजारात मात्र आपण १८८६ च्या अलीकडे आलेलो नाही. बोटे अजून रुमालाखालीच आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात कंपनीने नापसंतीचे आकडे प्रेक्षकांना दिसणे बंद केले. निर्मात्यांना झुंडीने होणारा त्रास टळावा, असे कारण तिने दिले. परंतु एखादी चित्रफीत फसवी आहे हे इतरांच्या नापसंतीवरून ओळखण्याची शेतकऱ्याजवळची एक खूण त्यामुळे पुसली गेली.

मग काय करावे?

सरकारी दूरदर्शनच बरे होते, असे काही मित्र म्हणतात. 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाचे ऋण मी मानतो. परंतु आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरदर्शन कसे वाकवले गेले हे ज्यांनी अनुभवले, त्यांना सरकारी मक्तेदारीचा मोह पडू नये. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे आणि तिच्यावर सरकारची वा खाजगी धनिकाची मक्तेदारी असू नये, असा त्याचा आशय होता. तो निकाल इंटरनेटविषयी नव्हता. तरी त्यामागील विचार येथेही मार्गदर्शक आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. युरोपीय संघाने २०१९ साली नियम केला की, अशा कंपन्यांनी आपल्या मंचावर धंदा करणाऱ्यांसाठीच्या अटी बदलण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी आणि क्रम लावण्याचे मुख्य निकष सांगावेत. २०२२ च्या त्यांच्या दुसऱ्या कायद्याने, प्रेक्षकाच्या सवयींवर पाळत न ठेवता शिफारशी देण्याचा पर्यायही मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केला. एवढ्याने सारे सुधारेल असे नाही, पण काटा उघडा करण्याचा तो आरंभ आहे. आपल्या संसदेकडे आपण निदान इतके मागितले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. पैसे घेऊन मालाची शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगावे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे. फसव्या जाहिरातीबद्दल दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. पिकाच्या औषधाबाबत तरी तिचा कडक अंमल व्हावा, कारण येथे फसलेल्या प्रेक्षकाचे वर्ष बुडते.

तिसरी गोष्ट आपली स्वतःची. आपण त्या तरुणाला कधी एक रुपया दिला होता काय? मी दिला नव्हता. पाच वर्षे मी त्याच्या ज्ञानाचा फुकट लाभ घेतला आणि त्याचा खर्च टॉनिकवाल्याने उचलला, तेव्हा मी त्याला नावे ठेवली. ज्याचे पैसे, त्याची चाकरी, हे अर्थशास्त्र मी आयुष्यभर शिकवले, पण स्वतःला लावून पाहिले नाही. गावाने मिळून, बचत गटाने वा वाचनालयाने वर्गणी काढून एखाद्या चांगल्या चॅनेलला आधार द्यावा. सहकाराच्या या भूमीत पाच-दहा निर्मात्यांनी मिळून कॅमेरा, संकलन आणि हिशेब सामाईक करणे अशक्य नाही. आणि पिकाच्या बाबतीत अंतिम शब्द चॅनेलचा मानू नये. अकोल्याचे कृषी विद्यापीठ जवळ आहे, करड्याचे कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच रिसोड तालुक्यात आहे. तेथील तज्ज्ञांनीही केवळ पत्रके न छापता त्या तरुणासारखे वावरात उभे राहून, शेतकऱ्याच्या भाषेत बोलावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

या सभेत स्वतःचे चॅनेल असलेले तीन-चार विद्यार्थी बसले आहेत, असे मला सांगण्यात आले. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, ज्या दिवशी पहिले पाकीट येईल, त्या दिवशी ते कोणी दिले हे चित्रफितीच्या आरंभीच सांगून टाका. तुमचे काही प्रेक्षक जातील. पण माझ्या भावासारखी माणसे राहतील, कारण त्यांना हिरव्या पिकाचे आश्वासन नको असते. "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असे म्हणणारा माणूस त्यांना हवा असतो, आणि तो गेल्याचेच त्यांना दुःख आहे.