सनदेचा नियम आणि रयतेचा खर्च

(तालुक्याच्या गांवीं भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



मी खेड्यांतल्या मराठी शाळेचा मास्तर आहें. वय सेहेचाळीस. आज ज्या विषयावर बोलणार आहें त्यांत माझा स्वार्थ गुंतलेला आहे, हें आधींच सांगून टाकतों. मास्तरानें आपलें पोट झांकून लोकहिताच्या गप्पा मारल्या, असें मागून कोणीं म्हणूं नये.

बारावीनंतर दोन वर्षें मीं मराठी अध्यापक विद्यालयांत काढलीं. सरकारनें त्या वेळीं जी पात्रता मागितली ती पुरी केली. मग तीन वर्षें महिना ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून राबलों, तेव्हां कुठें कायम झालों. पुढें २३ ऑगस्ट २०१० रोजीं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें पहिली ते आठवीच्या शिक्षकांस पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची केली. पण जुन्या नियमांप्रमाणें आधीं नेमलेल्या शिक्षकांस नव्या अटींतून सूट आहे, असेंही त्याच अधिसूचनेंत लिहिलें होतें. आम्हीं तें वाचलें आणि निर्धास्तपणें मुलांकडे वळलों. आपल्या राज्यांत ही परीक्षा प्रथम २०१३ सालीं झाली. ज्यांची पात्रता अपुरी होती त्यांची मुदत २०१७ सालीं कायदा दुरुस्त करून ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढविली. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यांच्या नोकरीचीं पांच वर्षांहून अधिक वर्षें उरलीं आहेत अशा आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनींही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें, नाहींतर घरीं जावें. पंधरा वर्षें दारावर 'तुम्हांस माफ' अशी पाटी होती. एके दिवशीं ती उलटी झाली.

कोणी विचारील, मास्तराची परीक्षा घेतली तर बिघडलें कुठें? बंधूंनो, परीक्षेनें कांहींच बिघडत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत खेड्यांतला शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, शेतकऱ्यांच्या पोरांत मिसळणारा असावा आणि त्यास बरा पगार असावा, असा आग्रह धरला आहे. तयार शिक्षक ही आपलीच जुनी मागणी. श्रीमंताला शाळा बदलतां येते. मजुराच्या पोराला गांवची शाळा हीच एक शाळा. कच्चा मास्तर आपल्यालाच महाग पडतो. माझें म्हणणें एवढेंच कीं, पारख करायची ती माणूस उंबऱ्यांत असतांना करावी. तो पंचवीस वर्षें घरांत राबल्यावर नियम बदलायचाच असेल, तर त्या बदलाचा खर्च कोण भरणार तें आधीं मांडावें.

तो खर्च आज कोण भरतो तें ऐका. माझ्या शाळेंत चार इयत्ता आणि दोन मास्तर. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेस आम्ही दोघेही बसलों. अडीच तासांत दीडशें प्रश्न, आणि खुल्या वर्गास साठ टक्के गुणांची अट. त्याआधीं पहाटे वाचन, रात्रीं वाचन आणि दिवसां वर्गांतही तोच घोर. एके दिवशीं पहिलीची एक पोर पाटीवर अक्षर काढून माझ्यापुढें उभी राहिली. "गुरुजी, बघा ना," म्हणाली. मी बालमानसशास्त्राचीं उत्तरें पाठ करीत होतों. मान वर केली नाहीं. थोड्या वेळानें पाहिलें तों ती अक्षर पुसून जागेवर जाऊन बसली होती. बालकाचें मन ओळखण्याचे नियम घोकतांना समोरचें बालक मला दिसलें नाहीं! मला त्याची लाज वाटते. पण हा खर्च कोणत्या अंदाजपत्रकांत लिहितात?

दुसरा खर्च विश्वासाचा. सनद ही ज्ञानाची खूण न राहतां भाकरीची दोरी झाली, कीं तिचा बाजार भरतो. २०१९-२० च्या परीक्षेंतला गैरव्यवहार २०२१ सालीं पुण्यांत उघडकीस आला आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. झाली तें योग्यच. पण रात्रंदिवस अभ्यास करून जो उत्तीर्ण झाला, त्याच्या कागदाकडेही लोक संशयानें पाहूं लागले.

तिसरा खर्च तरुणांच्या उमेदीचा. २८ जून २०१८ रोजीं बी.एड. झालेल्यांस प्राथमिक शाळेचें दार उघडलें. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें बंद केलें. नियम करणाऱ्यांनीं चूक केली, आणि त्या आशेवर ज्या शेतकऱ्यानें पोराला बी.एड. केलें त्याचा पैसा व पोराचीं वर्षें गेलीं.

आणि चौथा खर्च पुढेंच आहे. उद्यां मला घरीं बसविलें तर माझ्या जागीं दुसऱ्या दिवशीं कोणी उभा राहणार आहे काय? चार इयत्ता एकट्या मास्तराच्या गळ्यांत पडतील.

म्हणून आमचें मागणें सांगतों. परीक्षा देण्यास आम्ही तयार आहों. नोकरींतल्या शिक्षकाची फी व पुस्तकें सरकारी तिजोरींतून द्यावींत आणि तयारी सुटींत करून घ्यावी, शाळेच्या वेळांत नव्हे. कागदावरच्या गुणांबरोबर वर्गांत येऊन आमचें शिकविणेंही पाहावें. जुन्या मास्तराची खरी परीक्षा तेथेंच होते. बदली माणूस आल्याखेरीज एकही वर्ग मोकळा करूं नये. आणि यापुढें जो नियम निघेल, त्याबरोबर तो कोणास, कोणत्या तारखेपासून लागू आणि त्याचा खर्च कोणाकडे, हें छापून काढावें.

पालकहो, मास्तराची कड घेऊं नका. आपल्या पोरांची कड घ्या. प्रत्येक गांवच्या शाळा व्यवस्थापन समितीनें हीं मागणीं ठरावानें मांडावींत. माझ्यापुरतें सांगायचें तर, मी पुन्हां परीक्षेस बसावें लागलें तरी बसेन. पण ती पाटी घेऊन उभी राहिलेली पोर पुन्हां परत पाठविणार नाहीं, एवढें वचन ह्या सभेपुढें देतों आणि आपली रजा घेतों.