‘कोर्ट’मधली वकीलबाई

चित्रपटातले पात्र चांगले की वाईट, हे आपण खुर्चीत टेकल्याबरोबर ठरवून मोकळ्या होतो. माझीही तीच खोड. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’ने ती मोडली.

त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर खटला आहे. त्याचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली सरकारी वकील इंग्रजी अमदानीतली कलमे एका सुरात वाचीत जाते. मला तिचा संताप आला. पण पुढे ती लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, सर्वांना वाढते आणि मग खटल्याचे कागद काढून बसते. अहो, ही तर आपल्यातलीच!

आणि मला आमच्या फाटकाशी बसणारी भाजीवाली आठवली. तिला हलवावे म्हणून इमारतीत अर्ज फिरला होता. गॅसवर आमटी उतू जात होती. मी न वाचताच सही केली. ती पुन्हा दिसली नाही. माझ्या मनात दुष्टपणा नव्हता, घाई होती. पण तिची टोपली उठली ती उठलीच.

हल्ली पडद्यावरची बाई पाहताना ‘ही चांगली का?’ असे मी विचारीत नाही. ‘हिच्या जागी मी काय केले असते?’ असे विचारते. उत्तर नेहमीच सुखाचे नसते.

तेव्हा भगिनींनो, सही करण्यापूर्वी कागद वाचीत जा. आमटी उतू गेली तर जाऊ द्या.