शिपायाचे पत्र



नवऱ्याचे पत्र सासूने फोडले तर आपल्याला किती राग येतो! १९१४ साली फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे मात्र सरकारी तपासनीस वाचत असत, गावाकडून आलेलीसुद्धा. पुष्कळांना लिहिता येत नसे, ते दुसऱ्याकडून लिहून घेत. म्हणजे मनातले गूज आधी लेखनिकाला, मग साहेबाला आणि शेवटी बायकोला! तपासनीसांनी उतरवून घेतलेले त्यांतले उतारे लंडनला अजून जपलेले आहेत.

आपल्या घटनेचे ३३ वे कलम सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला देते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरी २०२० साली लष्कराने फेसबुकसह ८९ ॲप जवानांना फोनमधून काढायला लावली. एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण त्यांचा अर्ज फेटाळला गेला.

पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये, हे मलाही पटते. पण घरच्या बाईने कसली शपथ घेतलेली नसते. मुलाचा ताप, जावेशी झालेले भांडण तिने नवऱ्याला कळवले, ते तिसऱ्याने का वाचावे? ठावठिकाणा तेवढा खोडावा आणि बाकीचे न वाचता पुढे द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.