भाता थांबतो तेव्हा



श्वसन निकामी होणं म्हणजे धाप लागणं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे आणा. निखाऱ्यांवर पाणी पडलं की भाता कितीही ओढा, जाळ होत नाही. न्यूमोनियात, कोविडमध्ये हेच घडतं. विंचू चावल्यावर हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी भरतं. त्यावर रक्तदाबाची प्राझोसिन गोळी चालते, हे महाड भागात काम करताना दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळ आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 

पण निखारे, म्हणजे फुफ्फुसं, धगधगीत असताना भाता ओढणारा हात, म्हणजे श्वासाचे स्नायूच, गळाले तर? तिथं धाप लागत नाही. तिथंच आपण फसतो.

एक सालगडी मला विसरता येत नाही. आखाड्यावर भुईवरच पथारी टाकून झोपलेला. पहाटे पोटात कळ आली म्हणून ओवा खाल्ला. अंगावर सूज नाही, दाताचा व्रण नाही. माझ्यापुढे आणला तेव्हा पापण्या उचलत नव्हत्या, थुंकी गिळवत नव्हती. बायको म्हणाली, “रातभर जागलेत, झोप येलाली त्यांला.” मी म्हटलं, “मामा, एका दमात आकडे मोजा.” धडधाकट माणूस सहज पंचविसाच्या पुढं जातो. मामा सातवर थांबले.

त्यांना मण्यार साप चावला होता. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. सर्पविषावरची लस लवकर टोचायलाच हवी, पण मेलेली टोकं तिनं परत येत नाहीत; ती नव्यानं फुटायला दिवस लागतात. तेवढे दिवस भाता दुसऱ्या कुणीतरी ओढायचा: रस्त्यात हातानं दाबायची रबरी पिशवी, दवाखान्यात व्हेंटिलेटर. मामांचं बोटही हलत नव्हतं. चौथ्या दिवशी पापणी उघडली. नळी निघाल्यावर त्यांनी उशाशी कोण काय बोललं, कोण रडलं, सगळं सांगितलं. अशा माणसाला ‘गेला’ समजून गावाकडं परत नेलेलंही मी ऐकलं आहे.

जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या आजीचाही भाता असाच थकतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ती गुंगीत जाते. तिला हवा तेवढा प्राणवायू सोडू नका. बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ पुरे.

आणि फवारणी. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. काही कीटकनाशकांत तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, उपचारानं माणूस उठून बसतो, चहा पितो, घरचे सुट्टी मागतात. भाता मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळू शकतो. म्हणून रोज सकाळी त्याला उताणं निजवून एवढंच सांगा: उशीवरून मान उचला.