टायर बदलले, मग हवा किती?



उन्हाळी धान निघाले की लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीपासून साकोली, लाखनी, भंडाऱ्यापर्यंत कट्टे भरलेल्या पिकअप आणि ट्रक धावू लागतात. दिवस मे महिन्याचे, पारा ४५ अंशांकडे, आणि गाडीत मावेल तेवढे भरलेले. टायर फुटण्याचे हेच दिवस. यातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीतून आलेले टायर आता नसतात. कुणी रुंद बसवलेले, कुणी जास्त प्लायचे. हवा मात्र जुन्याच हिशोबाने: दरवाज्याच्या चौकटीवर छापलेली, नाहीतर पंक्चरवाल्याच्या हाताला बसलेली.

चौकटीवरचा आकडा मूळ मापाच्या टायरसाठी असतो. माप बदलले की त्याचा उपयोग संपला. नव्या टायरच्या बाजूवरचा आकडाही डोळे मिटून भरायचा नाही. टायर जास्तीत जास्त किती वजन उचलेल आणि त्यासाठी किती हवा लागेल, एवढेच तिथे लिहिलेले असते. ती शेवटची हद्द.

जास्त प्लायचा टायर घातला की जास्त माल निघतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. ती चुकीची आहे. वजन पेलते ती आतली हवा. प्लाय वाढले की टायर जास्त हवा सहन करतो, इतकेच. १६ प्लाय काढून १८ प्लाय बसवले आणि हवा तीच ठेवली, तर पैसे गेले आणि ताकद होती तिथेच राहिली.

मग आकडा काढायचा कसा? राइस मिलच्या वजनकाट्यावर. नेहमीचा माल भरून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचे वजन कळते. समजा, ते १७०० किलो आले; मागे दोनच चाके, म्हणजे एकावर ८५०. टायरवर लिहिले आहे ९५० किलो, ६५ पौंड. प्रमाण मांडले तर ५८ पौंड होतात. हा अंदाज झाला. खरा आकडा टायर कंपनीच्या भार आणि हवेच्या तक्त्यात मिळतो, दुकानदाराकडे तो हट्टाने मागा. कट्टे एका बाजूला जास्त रचलेले असतील तर जड बाजूचे चाक धरूनच हिशोब करा. रिमचीही स्वतःची हद्द असते, तीही पाहा. टायरवर केपीए लिहिले असेल तर ६.९ ने भागा, पौंड मिळतील.

ट्रकवाल्यांसाठी थोडे वेगळे. २०१८ साली केंद्र सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, पुढच्या एक्सलचे ६ वरून ७. आता १०.०० आर २० मापाचा १६ प्लायचा टायर पाहा. त्यावर १४६/१४३ हा भार निर्देशांक लिहिलेला असतो. एकटा असेल तर ३००० किलो, जोडचाकात २७२५. पुढचे दोन मिळून ६ टनच उचलतात. कागदावर ७ टनांची परवानगी असली तरी या टायरला ती लागू पडत नाही, हवा कितीही भरा. २९५/८० आर २२.५ मापाच्या १५२ निर्देशांकाच्या टायरला ती झेपते, कारण तो एकटा ३५५० किलो घेतो. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा तर कुणी तपासतच नाही. तो बसला की त्याचा भार बाहेरच्यावर जातो, आणि दोन्ही हातचे जातात.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा, सकाळी गाडी काढण्याआधी. सकाळी ३० अंशांवर १०० पौंड असलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला की १११ च्या आसपास दिसते. ते पाहून घाबरून हवा सोडू नका. सोडली, तर टायर कमी हवेवर जास्त लवचतो, आणखी तापतो आणि फुटतो. फाजील हवेनेही नुकसान होते. मधला भाग आधी झिजतो आणि खड्ड्यात दणका बसला की तारा तुटतात. पण भरलेल्या गाडीला कमी हवाच जास्त घातक.

नवे टायर घातले असतील, तर पुढच्या खेपेला काट्यावरून दोन पावत्या घ्या, एक पुढच्या चाकांची आणि एक पूर्ण गाडीची, आणि त्या पंक्चरवाल्याला दाखवूनच हवा भरून घ्या.