कोचाच्या ओल्या गाद्या

बदलापुरात राहायचे म्हणजे उल्हास नदीचा शेजार पत्करायचा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, त्याच दिवशी आमच्या कोचाच्या गाद्याही बुडाल्या.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “उन्हात टाका, होतील चांगल्या.” मला हे पटत नाही. पुराच्या पाण्यात गटारही असते. स्पंज वरून वाळतो, पण आतली ओल राहून दोन दिवसांत बुरशी धरतो. घरात लहान मूल असेल तर तो टाकूनच द्यावा. जीव तुटतो खरा! खोळ मात्र वाचते. हातात रबरी मोजे, नाकाला पदर. वाळलेला चिखल अंगणात झाडून खोळ साबणाच्या गार पाण्यात धुवावी. ऊन पाण्याने सुती खोळ आटते, मग चेन लागत नाही. नवा स्पंज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मापाने कापून मिळतो.

नुसती पावसाची झड खिडकीतून आली असेल, तर गोष्ट निराळी. स्पंज पिळू नये, फाटतो. तळव्यांनी दाबून पाणी काढावे आणि सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवावा. कडक उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो. कापसाच्या गादीला मात्र ऊन हवेच, आणि टाके उसवून कापूस पिंजूनही घ्यावा. पिंजारी हल्ली दारावर क्वचितच येतो. आला की शेजारणींनाही हाक मारावी.